विसावा आठवडा : सोनोग्राफी झाली, आता आईचं काय?

निशिगंध
गरोदरपण ४० आठवड्यांचं धरलं तर विसावा आठवडा बरोबर मध्यावर येतो. या सुमारास घरातल्या सगळ्यांचं लक्ष पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीकडे असतं. ती झाली, 'सगळं नॉर्मल' असं कळलं, की फाइल कपाटात जाते. माझं म्हणणं असं आहे, की हा टप्पा आईच्या तपासणीचाही तेवढाच आहे आणि नेमका तोच भाग राहून जातो. रक्तदाब, हिमोग्लोबिन, गोळ्या नीट घेतल्या जातात का, हे विचारायला कुणाला वेळ नसतो.

इथे या विषयातली माहीतगार मंडळी आहेत म्हणून धागा काढतेय. रिपोर्टमध्ये नेमकं काय वाचायचं? आईच्या शरीरातले कुठले बदल सोसायचे आणि कुठले लगेच दाखवायचे? मोघम सल्ल्यापेक्षा आकडे आणि कारणं लिहिलीत तर जास्त उपयोग होईल.

आंबेमोहर
आधी हिशेब, कारण अर्धे गोंधळ तिथेच होतात. आठवडे मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. त्यामुळे विसाव्या आठवड्यात बाळाचं खरं वय साधारण १८ आठवडे असतं. २० आठवडे म्हणजे १४० दिवस, म्हणजे साडेचार महिने झाले आणि पाचवा चालू आहे. घरातल्या मोठ्या बायका 'पाचवा लागला' म्हणतात ते बरोबरच असतं. 'पाच महिने पूर्ण' असं समजून सोनोग्राफीला गेलं, तर २२ आठवडे होऊन जातात.

पाळी अनियमित असेल तर तारीख ठरते ती पहिल्या तीन महिन्यांत मोजलेल्या बाळाच्या लांबीवरून. ती एकदा ठरली की बदलायची नाही. पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीत मशीन त्या दिवसाच्या मापांवरून नवी तारीख छापतं. ती बघून 'बाळ आठवडाभर मागे आहे' म्हणून घाबरायचं कारण नाही.

रेडिओलहरी
आंबेमोहर यांच्याशी सहमत. आता सोनोग्राफीबद्दल सविस्तर लिहितो.

अ‍ॅनॉमली स्कॅन, म्हणजे बाळाच्या रचनेत काही दोष आहे का हे बघणारी ही पाचव्या महिन्याची सोनोग्राफी, सहसा १८ ते २० आठवड्यांत करतात, २२ पर्यंतही होतो. उपाशी यायची गरज नाही. मूत्राशय तुडुंब भरून येण्याचीही गरज नाही. उलट खूप भरलेलं मूत्राशय गर्भाशयाचा खालचा भाग दाबतं, त्यामुळे वार (प्लासेंटा) आहे त्यापेक्षा खाली दिसते आणि गर्भपिशवीचं तोंड खोटं लांब दिसतं. तोंडाची लांबी नीट मोजायची तर मूत्राशय रिकामं करून योनिमार्गातून मोजतात. २५ मिमीपेक्षा कमी आली तर अकाली प्रसूतीचा धोका वाढतो. एकच बाळ असेल तर बहुधा रोज रात्री २०० मिग्रॅ प्रोजेस्टेरॉन योनिमार्गातून ठेवायला देतात. रिपोर्टमध्ये ही ओळ आहे का ते जरूर बघा.

बाळाची चार मापं असतात : डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीचं हाड. २० आठवड्यांना ती ढोबळमानाने ४७, १७५, १५० आणि ३३ मिमीच्या आसपास असतात. एकट्या मापाकडे बघू नका, चारही एकमेकांशी जुळतात का ते महत्त्वाचं.

यापुढची तपासणी वेळखाऊ असते. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या १० मिमीपेक्षा कमी हव्यात. मानेमागची घडी ६ मिमीपेक्षा कमी. वरचा ओठ, पाठीचा कणा आडवा आणि उभा, हृदयाचे चार कप्पे आणि त्यातून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्या, जठर, दोन्ही मूत्रपिंडं, मूत्राशय, हातापायांची हाडं, नाळेतल्या तीन रक्तवाहिन्या. 'चार कप्पे दिसले' एवढंच लिहिलेलं असेल तर वाहिन्यांबद्दल विचारा. हृदयाचे काही गंभीर दोष चार कप्प्यांच्या दृश्यात पकडले जात नाहीत, वाहिन्या बघितल्यावरच कळतात.

बाळाची पाठ वर असेल तर चेहरा आणि हृदय नीट दिसत नाही. मग अर्धा तास फेऱ्या मारायला सांगतात किंवा आठवड्याने परत बोलावतात. ते बाळाच्या बसण्यामुळे असतं. त्यात दोष निघाला असं समजू नका.

तिकोना
अ‍ॅपमध्ये एकोणिसाव्या आठवड्यात बाळ १५ सेंमी आणि एकदम पुढच्या आठवड्यांत २५-२६ सेंमी दाखवतात. एवढी वाढ कशी होईल?

रेडिओलहरी
@तिकोना, चांगला प्रश्न. बाळाचे पाय दुमडलेले असतात, म्हणून सुरुवातीचे आठवडे लांबी टाळूपासून ढुंगणापर्यंत देतात. २० च्या सुमारास तक्ते टाळूपासून टाचेपर्यंतच्या लांबीवर उडी मारतात. पहिल्या पद्धतीने साधारण १६ सेंमी, दुसऱ्या पद्धतीने २५ सेंमी, बाळ तेच. वजन ३०० ग्रॅमच्या वर असतं. अ‍ॅपमधलं फळ कुठलंही असो, मापाची पद्धत बदलली हे तिथे लिहिलेलं नसतं.

सुलभा_म
वजन मापांत बसतं का एवढंच सगळे सांगतात. या वेळी बाळाच्या आत काय चाललेलं असतं तेही कुणीतरी लिहा ना.

आंबेमोहर
लिहिते. अंगभर बारीक मऊ लव आलेली असते आणि त्यावर पांढरा चिकट थर धरायला लागलेला असतो. सतत पाण्यात राहून त्वचा खराब होऊ नये म्हणून तो थर. बाळ गर्भजल गिळतं आणि लघवी करतं. या महिन्यात गर्भजलाचा मोठा भाग बाळाची लघवीच असतो. म्हणूनच मूत्रपिंडं काम करत नसतील तर पाणी कमी दिसतं. 'पाणी कमी' हा शेरा सोनोग्राफी करणारे इतक्या गांभीर्याने घेतात त्याचं एक कारण हे आहे.

आतड्यात काळपट हिरवी पहिली शी साठू लागते. पापण्या अजून मिटलेल्या असतात, साधारण २६ आठवड्यांच्या आसपास उघडतात. मुलगी असेल तर तिच्या बीजकोशांतल्या बीजपेशींची संख्या याच सुमाराला आयुष्यातली सर्वाधिक असते, साठ-सत्तर लाख. पुढे ती कमीच होत जाते. फुप्फुसं मात्र बरीच कच्ची असतात. हवेची देवाणघेवाण करणाऱ्या पिशव्या अजून तयार झालेल्या नसतात, म्हणून या आठवड्यात जन्मलेलं बाळ वाचू शकत नाही.

गोदाकाठ
निशिगंध यांच्या मूळ मुद्द्यावर येतो. गावपातळीवर हेच दिसतं. बाई सोनोग्राफीला तालुक्याला जाते, पण त्याच आठवड्यात रक्तदाब मोजलेला नसतो.

पोटावर हात ठेवून गर्भाशयाचा वरचा काठ बघितला तर विसाव्या आठवड्यात तो बेंबीच्या पातळीला लागतो. बघण्याआधी लघवी करून यायला सांगायचं, नाहीतर काठ वर लागतो. २४ पासून टेपने मोजलं तर सेंटिमीटर आणि आठवडे जवळपास सारखे येतात, दोनाचा फरक चालतो.

लोह-फॉलिकच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. एका गोळीत ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. कॅल्शियम ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, जेवणानंतर. जंताची ४०० मिग्रॅची एक गोळी याच तिमाहीत, समोर बसवून द्यायची. धनुर्वाताची टीडी लस राहिली असेल तर आता घ्या. दोन डोसांत चार आठवड्यांचं अंतर लागतं. मागच्या गरोदरपणात घेऊन तीन वर्षं झाली नसतील तर एकच पुरतो.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, फुकट. डॉक्टर स्वतः बघतात. माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या आणि आकडे तिथेच लिहून घ्या.

मनवा_के
गोदाकाठ, एक शंका. दुसऱ्या तिमाहीत हिमोग्लोबिन थोडं उतरणं नैसर्गिक आहे. रक्तातलं पाणी लाल पेशींपेक्षा जास्त वेगाने वाढतं, म्हणून रक्त पातळ होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही दुसऱ्या तिमाहीसाठी १०.५ ची रेषा आहे. मग १०.७ ला 'अ‍ॅनिमिया' (रक्तक्षय) म्हणून दुप्पट गोळ्या कशाला? पोट बिघडतं आणि बाई सगळ्याच गोळ्या सोडून देते.

गोदाकाठ
मनवाताई, शरीरशास्त्र तुम्ही बरोबर सांगितलंत. पण आपल्याकडच्या कार्यक्रमात ११ च्या खाली ते अ‍ॅनिमिया धरतात आणि त्याला कारण आहे. आपल्या बहुतेक बायकांचा लोहाचा साठा गरोदरपणाच्या आधीपासूनच रिकामा असतो. १०.७ वर थांबलेली बाई आठव्या महिन्यात नवावर येते आणि मग हातात वेळ उरत नाही. ७ ते १०.९ मध्ये रोज दोन गोळ्या, महिन्याने परत तपासणी. महिन्यात १ ग्रॅमसुद्धा वाढलं नाही तर पुढे पाठवायचं. सातच्या खाली थेट रुग्णालय.

मनवा_के
रेषेवर आपलं एकमत होणार नाही. पण महिन्याने परत तपासायचं, हे शंभर टक्के मान्य. ते होतच नाही. आणखी एक : गोळ्या नीट घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल आणि लाल पेशी आकाराने लहान असतील, तर थॅलेसेमिया आणि सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकारांची तपासणी हवी. नंदुरबार, गडचिरोली, विदर्भाचा पूर्व भाग, इथल्या बाईची ती खरं तर पहिल्याच भेटीत व्हायला हवी आणि ती वाहक निघाली तर नवऱ्याचीही. विसाव्या आठवड्यात कळणं म्हणजे आधीच उशीर.

तांबडाभोपळा
आहाराबद्दल. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं की लोह नीट शोषलं जात नाही. दोन तासांचं अंतर ठेवा. साधी मांडणी : सकाळच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर कॅल्शियम, मधल्या वेळी लिंबूपाणी किंवा आवळ्याबरोबर लोह. चहा लोहाच्या गोळीच्या आधी आणि नंतर तासभर नको. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर लोह थोडं खाऊन घ्या. शोषण जरा कमी होईल, पण गोळी सुटण्यापेक्षा ते बरं. शी काळी होते ती लोहामुळे, त्याची काळजी नको.

'दोन जिवांचं खा' म्हणून ताट दुप्पट करायचं नसतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार रोज ३५० किलोकॅलरी जास्त लागतात. एक ज्वारीची भाकरी, वाटीभर उसळ आणि एक कप दूध, एवढ्यात ते भागतं. प्रथिनं दुसऱ्या तिमाहीत ९.५ ग्रॅमने आणि तिसऱ्या तिमाहीत २२ ग्रॅमने जास्त. आधीचं वजन उंचीच्या मानाने योग्य असेल तर इथून पुढे आठवड्याला चारशे-साडेचारशे ग्रॅम वाढ ठीक.

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात मासळीबद्दल दोन टोकं ऐकू येतात. कुणी म्हणतात अजिबात नको, कुणी म्हणतात रोज खा. खरं काय?

तांबडाभोपळा
नीट शिजवलेली मासळी आठवड्यातून दोन-तीनदा खावी. तारली आणि बांगडा उत्तम, त्यांत ओमेगा-३ भरपूर आणि पारा कमी. मोठे शिकारी मासे टाळायचे, मोरी तर नकोच. मोठी सुरमईसुद्धा वारंवार नको. मासा जितका मोठा आणि वयाने जास्त, तितका पारा साठलेला असतो आणि तो बाळाच्या वाढत्या मेंदूला घातक आहे. तिसऱ्या, कालवं असे शिंपल्यातले जीव अर्धकच्चे नकोत.

ताठकणा
दुखण्यांबद्दल लिहितो, कारण याच सुमाराला ती सुरू होतात.

कुशीवरून एकदम उठताना किंवा शिंकताना जांघेत चमक येते. गर्भाशयाला धरून ठेवणारे दोरखंडासारखे बंध अचानक ताणले जातात, म्हणून ती येते. अंथरुणातून उठताना आधी गुडघे दुमडा, पूर्ण कुशीवर वळा, हाताने रेटा देत बसा, मग उभ्या राहा. शिंक येताना किंचित पुढे वाकलं तर चमक कमी येते. चमक काही सेकंदांत जायला हवी. ठरावीक वेळाने पोट कडक होत असेल, किंवा दुखण्याबरोबर ताप, अंगावर रक्त किंवा पाणी जात असेल, तर ते वेगळं दुखणं आहे, लगेच दाखवा.

पोटऱ्यांना रात्री गोळे आले तर चोळण्याआधी पाय सरळ करून चवडा स्वतःकडे ओढा, अर्धा-एक मिनिट धरा. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर मालिश अजिबात नको. रक्ताची गुठळी असू शकते.

उताणं झोपल्यावर गरगरत असेल तर कुशीवर वळा. आता गर्भाशय एवढं झालेलं असतं की पाठीमागची मोठी शीर दाबली जाते आणि हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं. डावी कूस चांगली, उजवीही चालते. गाडीत पट्टा लावाच. खालचा पट्टा पोटाच्या खाली मांड्यांच्या वरून, वरचा दोन स्तनांच्या मधून.

सुलभा_म
बाळाची हालचाल विसाव्या आठवड्यात कळायलाच हवी का? पहिलटकरणींना याचंच टेन्शन असतं.

आंबेमोहर
पहिल्या खेपेला १८ ते २० आठवड्यांत, दुसऱ्या खेपेला १६-१८ लाही कळते. आधी आतून टिचकी मारल्यासारखी, अधूनमधून. वार पुढच्या भिंतीवर असेल तर बाळाच्या लाथा तिच्यावर बसतात आणि एक-दोन आठवडे उशिरा कळतात. रिपोर्टमध्ये वारेची जागा लिहिलेली असते, तिथे बघा. २४ आठवड्यांपर्यंत काहीच जाणवलं नाही तर डॉक्टरांकडे जा. आत्ता वही घेऊन लाथा मोजू नका, या आठवड्यांत हालचालीला ठरावीक लय नसते.

पिंपळपार
'वार खाली आहे' असं आलं की घरचे बाईला पलंगावरून उतरू देत नाहीत. पूर्ण विश्रांती हवीच ना?

रेडिओलहरी
नको. नुसतं पडून राहिल्याने वार वर सरकत नाही, उलट पायात गुठळीचा धोका वाढतो. गर्भाशयाचा खालचा भाग पुढच्या महिन्यांत लांबतो, त्याबरोबर वार तोंडापासून दूर जाते. विसाव्या आठवड्यात खाली दिसलेल्या बहुतेक वारा शेवटपर्यंत खाली राहत नाहीत. काठ तोंडापासून २० मिमीच्या आत असेल तर साधारण ३२ आठवड्यांना योनिमार्गातून परत बघतात. आधी सिझेरियन झालेलं असेल आणि वार पुढे व्रणावर असेल, तर मात्र ती खोलवर रुतली आहे का हे अनुभवी व्यक्तीकडून बघून घ्या.

गोदाकाठ
इथे थोडी भर. रक्त गेलं नसेल तर रोजची कामं चालू द्या, पण घरापासून रुग्णालय किती लांब आहे याचा विचार आधी करा. घाटातल्या वाडीवरच्या बाईला पुण्यातल्या बाईसारखा सल्ला देता येत नाही. रक्त दिसलं तर १०८ ला फोन आणि शरीरसंबंध पूर्ण बंद.

पिंपळपार
आणि 'हृदयात पांढरा ठिपका', 'मेंदूत सिस्ट' असं लिहून येतं त्याचं काय?

रेडिओलहरी
यांना सॉफ्ट मार्कर म्हणतात, म्हणजे स्वतः दोष नसलेल्या, पण कधीकधी गुणसूत्रांच्या दोषाकडे बोट दाखवणाऱ्या खुणा. हृदयातला ठिपका हा स्नायूच्या दोरीवरचा क्षाराचा कण, हृदयाचा आजार नाही. मेंदूतल्या त्या गाठी बहुतेक वेळा २८ आठवड्यांपर्यंत विरून जातात. मूत्रपिंडाची पोकळी ४ मिमीपेक्षा जास्त असेल तर पुढच्या महिन्यांत परत मोजायची. एकटा ठिपका असेल, बाकी रचना चांगली असेल आणि डबल मार्कर किंवा एनआयपीटी (आईच्या रक्तावरून बाळातल्या गुणसूत्रदोषाचा धोका सांगणाऱ्या चाचण्या) कमी धोक्याची आलेली असेल, तर सहसा पुढे काही करत नाहीत. दोन-तीन मार्कर एकत्र किंवा मानेमागची घडी जाड असेल तर जनुकीय सल्ला घ्या. गर्भजल काढून तपासणी १५ आठवड्यांनंतर कधीही करता येते. झटपट चाचणीचा निकाल दोन-तीन दिवसांत येतो, पूर्ण गुणसूत्र तपासणीला दोन-तीन आठवडे लागतात.

मनवा_के
हे आठवड्यांचं गणित कायद्याशी जोडलेलं आहे म्हणून लिहिते. गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत गर्भपाताला एका डॉक्टरचं मत लागतं, २० ते २४ मध्ये ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं, आणि २४ नंतर बाळात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाचा निर्णय. म्हणून स्कॅन २२-२३ वर ढकलू नका. दोष निघाला तर दुसरं मत, तपासणी, विचार, या सगळ्याला दिवस लागतात.

रेडिओलहरी
मी तरीही सांगेन की अठरापेक्षा एकोणीस-वीस बरा, विशेषतः आई अंगाने जाड असेल तर. दोन आठवड्यांत हृदय खूपच स्पष्ट दिसायला लागतं. येताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र आणा. एफ फॉर्मवर (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याखालचा अर्ज) सही करावी लागते. मुलगा की मुलगी हे सांगणं आणि विचारणं दोन्ही गुन्हा आहे. देशाचा कायदा १९९४ चा, महाराष्ट्राने आपला कायदा त्याआधीच १९८८ मध्ये केला होता.

टेम्सकाठची
इंग्लंडमधल्या मैत्रिणींसाठी : इथे हा स्कॅन १८ आठवडे ० दिवस ते २० आठवडे ६ दिवस या काळात होतो. डांग्या खोकल्याची लस १६ आठवड्यांपासून मिळते, बहुतेक ठिकाणी या स्कॅननंतर देतात. भारतात जाऊन बाळंतपण करणार असाल तर रिपोर्टची छापील प्रत, रक्तगट आणि पहिल्या स्कॅनची तारीख न्या. फोनमधल्या अ‍ॅपवर तिथल्या डॉक्टरांचं भागत नाही.

सुलभा_म
थोडं अवांतर. गर्भसंस्काराच्या ध्वनिफिती पोटाला हेडफोन लावून ऐकवतात, बाळाला आत्ता ऐकू येतं का?

आंबेमोहर
कानाची रचना तयार होत आलेली असते, आवाजाला ठळक प्रतिसाद २४-२६ आठवड्यांच्या पुढे दिसतो. आईचा आवाज शरीरातूनच पोचतो, त्याला यंत्र लागत नाही. पोटाला हेडफोन लावू नका, आत आवाज किती जातो यावर आपला ताबा राहत नाही. आईने स्वतः गाणं म्हणावं, ते दोघांनाही छान.

निशिगंध
खूप मोलाची माहिती मिळाली. रक्तदाबाबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, आणि माझा मूळ प्रश्न तोच होता.

मनवा_के
बरोबर पकडलंत. गरोदरपणाच्या मध्यावर रक्तदाब नेहमीपेक्षा थोडा उतरतो, कारण रक्तवाहिन्या सैलावतात. म्हणून या वेळी १३५/८५ आला तर 'अजून १४० नाही' म्हणून सोडू नका, आठवड्याने परत मोजा. पहिल्या भेटीचा आकडा शेजारी ठेवून बघा. विसाव्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच १४०/९० किंवा जास्त, चार तासांच्या अंतराने दोनदा आला, तर लघवीतलं प्रथिन आणि रक्ताच्या तपासण्या लागतात. १६०/११० ला थांबायचंच नाही, सरळ रुग्णालयात.

मोजण्याची पद्धत चुकली तर आकडा चुकतो. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नको, दंड हृदयाच्या पातळीला आणि मोजताना बोलणं बंद. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा जास्त येतो. डोकं सतत दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणं, चेहरा आणि हात एकदम सुजणं, यातलं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. संध्याकाळी पावलं थोडी सुजून सकाळी उतरत असतील तर ती सूज वेगळी.

आधीच्या खेपेला रक्तदाब वाढला होता, जुळी आहेत, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांना कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन देतात. ती १६ आठवड्यांच्या आत सुरू केली तर जास्त उपयोगी. राहिली असेल तर डॉक्टरांना आजच विचारा, स्वतःहून घेऊ नका.

निशिगंध
आणि साखर?

तांबडाभोपळा
पहिल्या भेटीत एकदा, मग २४ ते २८ आठवड्यांत परत. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं, दोन तासांनी रक्त. उपाशी असण्याची अट नाही. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत. १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. लिंबू पिळलं तर पाणी घशाखाली उतरतं. विसाव्या आठवड्याच्या भेटीतच ही तारीख कार्डावर लिहून घ्या.